गिअरबॉक्स उतरवण्याआधी व्हॅक्यूमची नळी बघा

माझी 1972 ची शेव्हरोले इम्पाला दुसरा गिअर पडताना धाडकन झटका द्यायला लागली, तेव्हा सगळ्यांनी एकच सांगितलं: क्लच प्लेटा गेल्या, गिअरबॉक्स उतरवा. मी उतरवला नाही. दोष निघाला बोटाच्या पेराएवढ्या रबरी नळीत. म्हणून ज्यांच्या जुन्या ऑटोमॅटिक गाडीचे गिअर नीट पडत नाहीत, त्यांना कळकळीने सांगते, आधी बाहेरून जे तपासता येतं ते सगळं तपासा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला.

पहिल्यांदा बॉक्स कुठला ते पक्कं करा. बॉक्सच्या तळाचं ऑइलचं पॅन चौकोनी, एकच कोपरा तिरका कापलेला आणि 13 बोल्ट असतील तर तो टर्बो हायड्रामॅटिक 350. पुढचं सगळं त्याच बॉक्सबद्दल आहे. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली कधीही शिरू नका. स्टँड लावा, चाकांना ठोकळे द्या.

सुरुवात गिअरबॉक्सच्या ऑइलपासून (इंजिनाच्या नव्हे). गाडी चांगली गरम होईपर्यंत चालवा, सपाट जागी उभी करा, ब्रेक दाबून लिव्हर सगळ्या गिअरमधून फिरवा आणि ‘पार्क’ला आणा. इंजिन चालू ठेवूनच गिअरबॉक्सची डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) काढायची. (क्रायस्लरच्या जुन्या टॉर्कफ्लाइटला हेच माप न्यूट्रलला घेतात.) ‘ॲड’ आणि ‘फुल’ या खुणांमध्ये जेमतेम अर्ध्या लिटरचा फरक असतो, तेव्हा घाईने ओतू नका. जास्त झालेलं ऑइल घुसळून फेसाळतं, दाब पडतो आणि गाडी अगदी ऑइल कमी असल्यासारखी वागते. डिपस्टिक पांढऱ्या फडक्यावर टिपा. लाल आणि स्वच्छ असेल तर उत्तम. काळपट आणि जळका वास असेल तर प्लेटा खरोखर जळतायत. दुधाळ गुलाबी दिसलं तर रेडिएटरमधल्या कूलरमधून पाणी शिरलंय. अशा वेळी गाडी हलवूच नका, कारण पाण्याने प्लेटांवरचं अस्तर सुटतं.

ऑइल ठीक असेल तर व्हॅक्यूमकडे, म्हणजे इंजिन हवा आत ओढताना जी ओढ तयार होते तिच्याकडे वळा. ही ओढ एका नळीने गिअरबॉक्सवरच्या मॉड्युलेटर नावाच्या डबीपर्यंत पोचते. इंजिनावर किती भार आहे हे बॉक्सला व्हॅक्यूमवरून कळतं. पाय हलका असला की व्हॅक्यूम जास्त, मग मॉड्युलेटर ऑइलचा दाब कमी ठेवतो आणि गिअर लवकर, अलगद पडतो. पाय दाबला की व्हॅक्यूम उतरतो, दाब वाढतो आणि गिअर उशिरा, घट्ट पडतो. नळी फुटली की बॉक्सला वाटतं तुम्ही ॲक्सिलरेटर सतत दाबून धरलाय. माझा झटका तिथून येत होता.

मॉड्युलेटर म्हणजे बॉक्सच्या मागच्या भागात, उजव्या बाजूला, एका बोल्टच्या चिमट्याने धरलेली छोटी डबी. तिची नळी ओढून काढा. नळीत लाल ऑइल दिसलं तर आतला पडदा फाटलाय आणि इंजिन ते ऑइल पितंय. मग सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो आणि जमिनीवर डाग नसताना ऑइल कमी होत जातं. नळी कोरडी असेल तर तिच्या टोकाला व्हॅक्यूम गेज लावा. गरम इंजिन आयडलला असताना साधारण 15 ते 20 इंच (पाऱ्याचे, गेजवर तसेच असतात) यायला हवं, आणि काटा स्थिर हवा. माझ्याकडे मॅनिफोल्डपाशी (इंजिनात हवा जाते तिथे, नळीच्या वरच्या टोकाला) 18 होतं, मॉड्युलेटरपाशी 7. मधली पोलादी नळी धड होती. तिच्या खालच्या टोकाचा, एक्झॉस्टजवळचा रबराचा तुकडा मी चिमटीत धरून वाकवला, तर वरून अखंड दिसणाऱ्या रबराला एक भेग उघडली आणि आतलं पोलादी टोक दिसलं. सरळ ठेवला की भेग पुन्हा मिटायची. म्हणून नुसतं बघू नका, वाकवून बघा. बदलताना जाड भिंतीची व्हॅक्यूमचीच नळी घ्या, पातळ नळी आत ओढली जाऊन चपटी होते. बदली मॉड्युलेटरच्या, नळी बसते त्या तोंडात कधीकधी दाब बदलायचा स्क्रू असतो. खरा दोष सापडेपर्यंत त्याला हात लावू नका.

गिअर फक्त उशिरा पडत असतील तर किकडाउनची केबल (ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर बॉक्सला खालचा गिअर घ्यायला लावणारी) अडकलीय का बघा. पेडल सोडल्यावर ती पूर्ण मागे आली पाहिजे. इंजिन ओरडतंय पण गाडी पहिल्या गिअरमधून दुसऱ्यात जातच नाही, तर गव्हर्नर, म्हणजे गाडीचा वेग बॉक्सला कळवणारा भाग. तो डाव्या बाजूला मागे, तारेच्या क्लिपने धरलेल्या गोल झाकणाखाली असतो. बाहेर काढा, वजनं बोटाने सहज हलतात का पाहा आणि प्लास्टिकच्या गिअरचे दात तपासा.

हे सगळं ठीक असूनही गाडी घसरत असेल, तर कुठल्या गिअरला घसरते ते लिहून ठेवा. तिसरा आणि रिव्हर्स दोन्ही घसरत असतील तर डायरेक्ट क्लच, कारण तो या दोन्हींना लागतो. रिव्हर्स ठीक पण पुढे जायला ओढ नाही, तर फॉरवर्ड क्लच. फक्त रिव्हर्स लुळा असेल तर लिव्हर ‘लो’ला टाकून उतारावर पाय सोडा. इंजिनाने गाडी धरली नाही तर लो-रिव्हर्स क्लच गेला. आता मात्र बॉक्स उतरवावा लागेल, आणि उतरवणाऱ्याला हा कागद आधी हातात द्या.