शूमानची सोळा गाणी पेटी जवळ घेऊन कशी ऐकावीत

मी तीस वर्षं पेटीची साथ करतो आहे. नाट्यसंगीत, भावगीत, भजन, जे समोर येईल त्याला. पाश्चात्त्य संगीत ऐकायला कुठून सुरुवात करू असं कुणी विचारलं, तर मी सिंफनी सुचवत नाही. एक आवाज, एक पियानो आणि दोन-तीन मिनिटांची कविता, एवढंच असलेली जर्मन गाणी ऐका म्हणतो. त्यातही संगीतकार रॉबर्ट शूमानची 'डिख्टरलीबे', म्हणजे कवीचं प्रेम. हाइनरिख हायनेच्या सोळा कविता, एकामागून एक. साधारण अर्ध्या तासाचं काम आहे, पण घाई नको. मी सांगतो त्या क्रमानं आठवडाभर घ्या.

आधी तयारी. टेनर, म्हणजे उंच पुरुषी आवाजाच्या, गायकाचं ध्वनिमुद्रण निवडा. फ्रिट्झ वुंडरलिशनं ह्यूबर्ट गीझेनच्या पियानोसोबत गायलेलं सहज मिळतं. बॅरिटोन, म्हणजे त्याहून खालच्या आवाजाचे, गायक ही गाणी बहुधा खालच्या पट्टीत गातात. तेही सुंदर असतं, पण मग पुढे मी सांगतो त्या पट्ट्या पेटीवर जुळणार नाहीत. कवितांचे अर्थ आधी वाचून ठेवा. ऐकताना जर्मन शब्दांच्या मागे धावू नका.

पहिल्या गाण्यात मे महिना आहे. कळ्या उमलतात, पक्षी गातात आणि कवी आवडत्या मुलीला मनातली ओढ सांगून टाकतो. कविता एवढीच. पहिल्या खेपेला गायकाकडे दुर्लक्ष करा आणि फक्त पियानो ऐका. साथ करताना आपण गायकाच्या मागून जातो, तो थांबला की जागा भरतो, आणि जास्त बोललो तर ती आपली चूक. इथला पियानो साथीला बसलेला नाही. गायकाच्या आधी तोच बोलतो, आणि वसंताच्या गाण्यात पहिल्याच मात्रेला त्याचं मन दुखरं आहे. उजव्या हातात काळी एक, म्हणजे सप्तकातली पहिली काळी पट्टी, धरलेली असते आणि तिच्याखाली डावा हात पांढरी दोन, म्हणजे दुसरी पांढरी, वाजवतो. हे दोन सूर एकमेकांना टोचतात, मग वरचा सूर खाली पांढरी सातवर उतरतो. पेटीवर करून बघा. फक्त एक लक्षात ठेवा: पेटीचा सूर भात्यावर भरून राहतो, पियानोचा सूर वाजल्या क्षणापासून विझायला लागतो. शूमाननं ते विझणंसुद्धा हिशेबात धरलेलं आहे.

मग आवाज येतो आणि पांढरी सहाला सा मानून सगळं प्रसन्न होतं. दोन्ही कडव्यांची चाल एकच. दुसरं कडवं संपलं की पियानो पुन्हा एकटा उरतो, सुरुवातीचंच वाजवतो आणि मध्येच थांबतो. गाणं तिथेच सोडलेलं आहे.

तो शेवटचा मेळ, म्हणजे एकदम वाजणारे सूर, हातानं धरून बघाच. काळी एक, पांढरी चार, काळी चार, पांढरी सात. काळी तीनला सा माना, म्हणजे हे झाले प, नी, रे, म. निषादाला वर षड्ज हवा असतो, मध्यमाला खाली कोमल गंधारावर यायचं असतं. रागात आपण एकेका सुराची ओढ ओळखतोच, इथे दोघांची ओढ एकाच दमात ऐकू येते. चारही पट्ट्या दाबून ठेवा आणि भात्यावरचा हात काढा. हवा संपेपर्यंत आवाज मंदावत जाईल आणि सा काही येणार नाही. कवीनं तिला विचारलं, तिचं उत्तर आलं नाही, हे हायनेनं लिहिलेलं नाही. पियानोनं सांगितलं. दुसरं गाणं लगेच सुरू होतं, पण तेही काळी तीनला षड्ज म्हणून स्वीकारत नाही, पांढरी सहाकडे वळतं.

असं शूमानला सुचलं, कारण १८४० पर्यंत त्याची छापून आलेली जवळपास सगळी रचना एकट्या पियानोसाठी होती. म्हणून तिसऱ्या दिवशी गाणी बाजूला ठेवा आणि १८३८ च्या 'किंडरझेनेन'मधले, म्हणजे बालपणीच्या दृश्यांमधले, चौथा आणि पाचवा हे दोन तुकडे जोडून ऐका. चौथ्याचं नाव 'विनवणारं मूल'. तोही असाच अधांतरी मेळावर थांबतो, पण पुढच्या 'पुरेपूर सुख'मध्ये त्या मुलाला मागितलेलं मिळतं. दोन वर्षांनी शूमाननं तीच खूण प्रेमासाठी वापरली आणि उत्तर रोखून धरलं. ही गाणी त्यानं मे १८४० च्या अखेरीस लिहिली. तेव्हा क्लारा वीकशी लग्न करण्यासाठी तिच्या वडिलांविरुद्धचं प्रकरण अजून कोर्टात होतं. लग्न १२ सप्टेंबरला झालं.

मधली गाणी सलग ऐकून जा. सातवं फार प्रसिद्ध आहे, पण मला विचाराल तर बाराव्यापाशी थांबा. उन्हाळ्यातल्या लख्ख सकाळी कवी बागेत गप्प हिंडतो आहे. फुलं त्याला म्हणतात, आमच्या बहिणीवर रागावू नकोस, दुःखी, फिकट माणसा. गायक एवढं म्हणून थांबतो आणि पियानो एक लांब, मऊ धून वाजवत राहतो. ही धून पाठ करा. गुणगुणता यायला हवी. तोवर शेवटच्या गाण्याकडे जाऊ नका.

सोळाव्यात कवी भलीमोठी शवपेटी मागवतो, हायडेलबर्गच्या प्रसिद्ध अवाढव्य दारूच्या पिंपापेक्षाही मोठी. ती उचलायला बारा राक्षस लागतात. तिच्यात तो आपली जुनी गाणी, प्रेम आणि दुःख घालून समुद्रात बुडवतो. शब्द संपतात. इथे हलू नका. एका मैफलीत मी मागच्या रांगेत होतो. गायकाचा शेवटचा शब्द संपताच टाळ्या सुरू झाल्या आणि पुढचा पियानो त्यांच्याखाली गेला. वाजवणारी बाई शेवटपर्यंत वाजवत राहिली. मला तिचे हात दिसत होते, ऐकू काही येत नव्हतं. ते मला अजून लागून आहे, कारण गाण्याचा सगळा जीव त्या दीड-दोन मिनिटांत आहे. बाराव्या गाण्यातली फुलांची धून तिथे परत येते. या वेळी फुलं नाहीत, शब्द नाहीत. रागावू नकोस, एवढंच पियानो म्हणतो.

आता पेटी पुन्हा जवळ ओढा. पहिल्या गाण्याचा अर्धवट मेळ धरा: काळी एक, पांढरी चार, काळी चार, पांढरी सात. सोळावं गाणं पूर्ण विझू द्या, मग पांढरी सातवरचं बोट उचला. उरलेल्या तीन पट्ट्या म्हणजे शूमानचा शेवटचा मेळ. काळी एकच सा झालेली असते.