वैशाखातलं वावधन आणि जेटीला बांधलेली नाव

कोकणात चक्रीवादळ येतं ते निरोप धाडून. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं, त्याच्या आधीपासून इशारे सुरू होते. तेवढ्या वेळात होड्या खाडीत आत नेता येतात, वाळूवर ओढता येतात, दोर दुप्पट करता येतात. नागपुरात ती सवड मिळत नाही. एप्रिल-मेमध्ये दुपारी चारला चव्वेचाळीस अंशांचं ऊन असतं, साडेचारला पश्चिमेकडून काळं भरून येतं आणि पाचला वावधन, म्हणजे वादळी वारा, सुटलेलं असतं. हवामान खात्याचा तातडीचा इशारा तीन तासांपुरता असतो. तो मोबाइलवर पडून माणसं तलावावर पोचेपर्यंत हाताशी अर्धा-पाऊण तास उरतो.

म्हणून खिंडसी असो, अंबाझरी असो की गावच्या मच्छीमार संस्थेचा तलाव, मार्चच्या मध्यापासून पाऊस स्थिरावेपर्यंत नाव रोज संध्याकाळी वादळात बांधावी तशीच बांधायची. आभाळ मोकळं दिसतं म्हणून एका दोरावर सोडून जायचं नाही.

समुद्रावरचे सगळे नियम इथे लागत नाहीत. तिकडे बोटींचा मोठा शत्रू म्हणजे वर चढणारं पाणी. हवेचा दाब एक मिलिबार उतरला की पाणी साधारण एक सेंटिमीटर वर येतं, वारा आणखी पाणी किनाऱ्याकडे रेटतो, आणि त्यात भरती असली तर तरंगता धक्का आपल्या खांबांच्या टोकावरून निसटतो. मग बांधलेल्या बोटींसकट अख्खा धक्का वाहून जातो. तिथे खांब किती उंच, हा पहिला प्रश्न. आपल्या तलावात वाऱ्यानं पाणी फार चढत नाही. इथे घात होतो तो तीन गोष्टींनी: वारा पाच मिनिटांत दिशा बदलतो, दोर घासून तुटतो, आणि पावसाचं पाणी नावेत भरतं.

आधी छत उतरवा

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. ताशी ४५ किलोमीटरच्या वाऱ्याचा दर चौरस मीटरवर साधारण १० किलोचा रेटा पडतो, ९० च्या वाऱ्याचा ४० किलोच्या घरात. पाच मीटर लांबीच्या बोटीवर छत आणि बाजूचे पडदे असले तर आडव्या वाऱ्याला आठ-नऊ चौरस मीटर सापडतात, म्हणजे साडेतीनशे किलोचा रेटा. छत उतरवलं, पडदे काढले, की उरतात तीन चौरस मीटर आणि सव्वाशे किलोच्या आतला रेटा. दुसरा कोणताही उपाय इतक्या स्वस्तात इतका फरक पाडत नाही. छताचे नटबोल्ट गंजू देऊ नका, हातानं फिरवता येणारे विंगनट लावा. पान्हा शोधण्यात वीस मिनिटं गेली तर उरलेल्या वेळात दुसरं काही होत नाही. बोटीतल्या गाद्या, वल्ही, लाइफ जॅकेट, सुट्या पाट्या काढून खोलीत ठेवा.

जी नाव बाहेर काढता येते ती बाहेरच काढा. पॅडल बोट पाच-सहा जणांना उचलते. ती उलटी करून जुन्या टायरांवर ठेवा आणि दोन्ही टोकांना जमिनीत ठोकलेल्या खुंट्यांना बांधा, कारण रिकामी फायबरची बोट जमिनीवरसुद्धा उडते. गुलमोहराखाली ठेवू नका, वादळात त्याची फांदी लवकर मोडते. काठापासून किती दूर ठेवायची, ते तलाव काठोकाठ भरल्यावर पाणी कुठवर आलं होतं, त्यावरून ठरवा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला आणि अंबाझरी ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. उन्हाळ्यात कोरडा दिसणारा काठ सप्टेंबरात काठ राहत नाही.

लाकडी डोंग्याची गोष्ट वेगळी. तो उथळ पाण्यात दगड भरून बुडवून ठेवला तर वाऱ्याला काही सापडत नाही, आणि उन्हानं लाकूड तडकतही नाही. फायबरच्या बोटीला ही युक्ती करू नका.

दोर

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. बाजारात किलोवर मिळणारा निळा-हिरवा प्लास्टिकचा दोर, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, हलका असतो आणि तरंगतो, म्हणून सगळे तोच घेतात. नागपूरच्या उन्हात तो एका-दोन उन्हाळ्यांत संपतो. पीळ उलटा फिरवून आतले पदर उघडा आणि बोटांनी चोळा. बोटाला पांढरी भुकटी लागली, बारीक तंतू काट्यासारखे टोचले, की तो दोर नाव बांधायच्या कामाचा राहिला नाही. पाच मीटरपर्यंतच्या नावेला १२ मिलिमीटरचा तीन पदरी नायलॉन घ्या, त्याहून मोठ्या मोटारबोटीला १६ चा. नायलॉन ताणात लांबतो आणि परत जागेवर येतो, आणि हिसका पचवायला हेच लागतं.

दर नावेला सहा दोर धरा. पुढच्या टोकाचे दोन, मागच्या टोकाचे दोन, आणि दोन तिरपे, ज्यांना स्प्रिंग म्हणतात: एक पुढच्या टोकापासून मागे जेटीकडे जाणारा, एक मागच्या टोकापासून पुढे जाणारा. स्प्रिंग नसले तर नाव जेटीलगत मागे-पुढे धावत राहते आणि दर फेरीला आखूड दोरांवर हिसका बसतो.

लांबी आखूड ठेवू नका. एक मीटरचा नायलॉन ताणात जेमतेम दहा सेंटिमीटर देतो, पाच मीटरचा अर्धा मीटर देतो. दोन किलोमीटर मोकळ्या पाण्यावरून साठचा वारा आला तरी फूट-दीड फुटाची लाट उठते. आखूड दोराला तेवढं लांबता येत नाही, मग दोर तरी तुटतो नाही तर क्लीट, म्हणजे दोर बांधायची दोन शिंगांची खुंटी, उपटतो. पण झोलही नको. जितका झोल, तितकी नाव धावून वेग घेते आणि तितका मोठा हिसका. दोर हातानं ओढून ताठ करा, मग तळहाताएवढा सैल सोडा. पाण्याची पातळी उन्हाळ्यात उतरत जाते, म्हणून पक्क्या जेटीवर हे मोजमाप दर आठवड्याला नव्यानं करावं लागतं.

क्लीटवर बांधताना बुडाशी एक पूर्ण वेढा, मग आठाच्या आकड्यासारखी फिरकी, आणि शेवटी एकच अडकवण. सात-आठ वेढे घालून वर गाठींचा डोंगर केला तर भिजल्यावर तो सुटत नाही, आणि मग कोयत्यानं कापायची वेळ येते. खांबाला बोलाइन, म्हणजे न आवळणाऱ्या फासाची गाठ, घाला. एनसीसीची पोरं ती डोळे मिटून बांधतात. मात्र कोणत्याही गाठीनं दोराची ताकद बरीच उतरते, अर्ध्यावरही येते, हे धरूनच जाडी ठरवा. क्लीटच्या खाली, फायबरच्या आतल्या बाजूला, पट्टी आणि मोठे वॉशर आहेत का तेही पाहा. नुसत्या स्क्रूवर बसवलेला क्लीट पहिल्याच वादळात हातात येतो.

दोर मधोमध सहसा तुटत नाही. तो तुटतो जेटीच्या काठावर, लोखंडी कोनावर, क्लीटच्या तोंडाशी. तिथे जाड कॅनव्हास किंवा अग्निशमनाचा जुना कापडी होज गुंडाळा, घासणाऱ्या जागेच्या दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा फूट जास्त, आणि सुतळी दोराच्या पदरांतून ओवून तो जागेवर बांधा. नुसता गुंडाळला तर दहा मिनिटांत सरकतो. बागेचा प्लास्टिक पाइप लोक सर्रास वापरतात. इथल्या तासाभराच्या वादळाला तो चालून जातो, पण समुद्रावर रात्रभर ताणला-सैलावलेला नायलॉन आतून तापतो, बंद पाइपात त्याला पावसाचं पाणी पोचत नाही, आणि दोर घासला नाही तरी वितळून तुटतो. कापड मिळत असेल तर कापडच वापरा.

जेटी आणि नाव यांच्यामध्ये टायर हवेतच. ट्रकच्या जुन्या टायरातून पोलादी तारा बाहेर येतात आणि फायबर खरवडतात, त्यापेक्षा स्कूटरचे बरे. टायराच्या बुडाशी ड्रिलनं भोक पाडा. पाणी साचलं की टायर जड होतो आणि डासही होतात.

पॅडल बोटींची माळ

दहा-बारा पॅडल बोटी एकमेकींना बांधून टोकाची एक तेवढी जेटीला, ही पद्धत सोयीची आहे आणि घातकही. तो एक दोर गेला की अख्खी माळ वाऱ्याच्या दिशेनं जाते. अंबाझरीची पाळ, म्हणजे बांध, पूर्वेला आहे. पश्चिमेचा वारा तलावाची सगळी लांबी घेऊन येतो आणि माळ पाळीच्या पिचिंगवर, म्हणजे उतारावर रचलेल्या दगडांवर, आपटते. तिथे बोटींचे तळ फुटतात. तीन-चारच्या वर बोटी एकत्र बांधू नका, आणि प्रत्येकीचा स्वतःचा एक दोर जेटीपर्यंत जाऊ द्या.

प्लास्टिक ठोकळ्यांची तरंगती जेटी असेल तर ती स्वतः कशाला बांधली आहे ते आधी बघा. तिच्या तळाशी बहुधा सिमेंटचे ठोकळे असतात. ५० किलोच्या सिमेंट ठोकळ्याचं वजन पाण्यात २९ किलोच भरतं, कारण बाकीचं पाणी उचलून धरतं. दहा बोटींचा रेटा अशा दोन ठोकळ्यांवर टाकला तर जेटी बोटींसकट सरकणारच. काठावरच्या पक्क्या खांबाला किंवा मोठ्या खडकाला वेगळा दोर न्या.

बाहेरच्या बाजूनं नावेला जेटीपासून दूर धरायला नांगर टाकायचा तर पाण्याच्या खोलीच्या सातपट तरी दोर सोडा. दोन मीटर खोलीला चौदा मीटर. नांगराजवळ दोन-तीन मीटर साखळी असली की ओढ आडवी राहते आणि नांगर गाळात रुततो. दोर उभा पडला की तोच नांगर उपटून निघतो.

पावसाचं पाणी

वारा सोसलेली नाव पुष्कळदा मागाहून पावसानं बुडते. पाच मीटर लांब आणि दीड मीटर रुंद उघड्या नावेत ५० मिलिमीटर पावसाचं पावणेचारशे लिटर पाणी जमतं, म्हणजे पावणेचारशे किलो. हे पाणी एका कडेला धावतं, ती कड खाली जाते आणि लाट आत येते. ताडपत्री मधोमध आडव्या काठीवर तंबूसारखी ताणा, सपाट टाकली तर तिच्यातच डबकं होतं. कडा नावेच्या काठाखालून दोरीनं आवळा, म्हणजे वारा आत शिरत नाही.

मोटारबोटीत ताशी ५०० गॅलनचा पंप असेल तर कागदावर तो तासाला १९०० लिटर काढतो, प्रत्यक्षात बराच कमी. बॅटरी पूर्ण भरलेली हवी, आणि पंप आपोआप चालू करणारं तरंगतं बटण हातानं उचलून पंप सुरू होतो का ते बघायचं. तळाशी पानं आणि खर्र्याच्या पन्न्या साचलेल्या असतात, त्या पंपाच्या जाळीवर बसल्या की पंप नुसता गुणगुणत राहतो. तळ हातानं पुसून घ्या. इंजिन काढता येत असेल तर काढा, पेट्रोलची टाकी काठावर न्या.

गडगडाट कानावर आला की जिथवर काम झालं तिथे सोडा आणि जेटीवरून उतरा. राहिलेला दोर बांधायला कोणीही परत जाऊ नये, वादळात नावेत तर कोणीच बसू नये. वीज कुठवर आली ते ‘दामिनी’ ॲपवर दिसतं. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ द्या.

नंतर

जेटीवर विजेची तार पडली आहे का, हे पहिलं बघा. मग नाव हलवण्याआधी तिच्यातलं पाणी उपसा. भरलेली नाव ओढायला गेलं की ती काठावरच कलंडते. उपसताना मधोमध बसा. क्लीटच्या बुडाभोवती केसासारख्या चिरा पडल्या असतील तर आतली पट्टी उघडून तपासा. प्रत्येक दोर हातातून सरकवत न्या, गाठी सोडून आतली जागाही बघा. एक पदर तुटला असेल तर तिथे गाठ मारून पुन्हा वापरू नका. असा दोर जेटीवर पडू देऊ नका, त्याचे हातहातभर तुकडे करा, नाहीतर पुढच्या चैत्रात कोणीतरी तोच उचलून नाव बांधतो.