बागेतल्या तळ्यातील बेडूकमासे वाढत नसतील तर काय करावे

जूनच्या पहिल्या दमदार सरींनंतर बागेतल्या तळ्यात किंवा कमळाच्या कुंडात बेडकांनी अंडी घातली, थोड्याच दिवसांत पाणी बेडूकमाशांनी भरून गेले, आणि मग गणपती आले तरी त्यांना पाय फुटण्याचे चिन्ह दिसेना, अशी तक्रार पुष्कळ घरांतून ऐकू येते. बहुतेक वेळा यात आजार काही नसतो. बेडूकमाशाचा बेडूक कधी होणार हे नुसत्या दिवसांच्या हिशेबाने ठरत नाही. जात कोणती, पाणी किती उबदार, खायला किती आणि वाटेकरी किती, यांवर ते अवलंबून असते. त्यामुळे पाणी बदलण्याची किंवा खाऊ टाकण्याची घाई करण्याआधी आपल्या तळ्यात नक्की काय चालले आहे, हे पाहून घ्यावे.

आधी जात ओळखावी

काठाजवळच्या उथळ पाण्यात काळ्याकुट्ट, लहानखुऱ्या बेडूकमाशांचे थवेच्या थवे फिरत असतील, तर ती बहुधा भेकाची पिल्ले असतात. भेक म्हणजे रात्री अंगणातल्या दिव्याखाली किडे टिपणारा, खडबडीत पाठीचा टोड. त्याची अंडी लांब, चिकट माळांमध्ये असतात, आणि पाणी उबदार असेल तर त्याची पिल्ले साधारण महिना-दीड महिन्यात बाहेर पडतात. पावसाळ्यात पिवळाधमक होणाऱ्या मोठ्या बुलफ्रॉगची पिल्लेही तेवढ्याच वेळात उरकतात, मात्र ती मांसाहारी असतात आणि शेजारच्या बेडूकमाशांनाच खातात. संख्या झपाट्याने घटत असेल आणि दोन-चार धष्टपुष्ट पिल्लेच उरत असतील, तर कारण तेच समजावे.

पाण्यावर झुकलेल्या फांदीवर किंवा हौदाच्या भिंतीवर पांढऱ्या फेसाचा गोळा दिसला असेल, तर ती झाडावरच्या बेडकाची अंडी. त्याच्या पिल्लांना आणि वर्षभर पाण्याच्या पृष्ठभागावर तरंगत बसणाऱ्या डबक्यातल्या बेडकाच्या पिल्लांना दोन महिने किंवा त्याहूनही अधिक काळ लागू शकतो. ही पिल्ले आकाराने मोठी, जाड शेपटीची आणि ठिपकेदार दिसली तर काळजीचे कारण नाही. त्यांची गतीच तेवढी असते. पाण्याच्या मध्यावर जवळजवळ स्थिर तरंगणारे, काचेसारखे पारदर्शक बेडूकमासे दिसले, तर ते मायक्रोहायला या चिमुकल्या बेडकाचे असण्याची शक्यता मोठी. त्यांची गोष्ट वेगळी आहे. ती खाण्याच्या मुद्द्यात येईल.

इंग्रजी मार्गदर्शक वाचून वेळेचा अंदाज बांधू नये. ब्रिटनमधील बागांत वसंतात निघालेले काही बेडूकमासे तसेच राहून हिवाळा तळ्यात काढतात आणि पुढच्या वर्षी बाहेर पडतात, म्हणून तिथे 'वाट पाहा' हा सल्ला योग्य ठरतो. आपल्याकडचे उथळ तळे तोवर कोरडे पडलेले असते.

पाय कुठवर आले ते पाहावे

पांढऱ्या वाडग्यात तळ्याचेच पाणी घेऊन त्यात तीन-चार पिल्ले अलगद घ्यावीत आणि शेपूट जिथे धडाला जुळते तिथे दोन्ही बाजूंना निरखून पाहावे. मागच्या पायांची सुरुवात म्हणजे तिथे दिसणारा खसखशीएवढा फिकट उंचवटा. नुसत्या नजरेला तो सहज निसटतो, म्हणून भिंग घ्यावे. पुढे तो वल्ह्यासारखा चपटा होतो, मग त्यावर बोटांच्या खाचा पडतात. पुढचे पाय मात्र कातडीखाली झाकलेले वाढतात आणि तयार झाल्यावर एकदम बाहेर येतात. त्याआधी खांद्याजवळ कोपराचा फुगवटा दिसतो. प्राणिशास्त्रज्ञ गॉस्नर यांनी १९६० मध्ये ही सगळी वाटचाल ४६ टप्प्यांत मांडली. पुढचे पाय बाहेर येण्याचा टप्पा त्यांत ४२वा आहे. घरच्या निरीक्षणाला एवढे तपशील लागत नाहीत. पण उंचवटा दिसत असेल तर वाढ थांबलेली नाही, फक्त मंद आहे, एवढे निश्चित कळते.

त्याच वाडग्यात अंगकाठीही पाहावी. पोट खपाटीला गेलेले आणि डोके मोठे दिसत असेल तर उपासमार किंवा गर्दी आहे. पिल्ले गुबगुबीत आणि चपळ असूनही पाय नसतील तर पाणी थंड आहे किंवा जातच सावकाश वाढणारी आहे. शेपूट वाकडी झालेली, पोहण्याचा तोल गेलेला, सगळी पिल्ले सतत वर येऊन हवा घेणारी असतील, तर दोष पाण्यात आहे आणि इतर सर्व उपाय बाजूला ठेवून आधी पाणी पाहावे.

पाणी

नवीन सिमेंटच्या हौदातून चुना उतरत राहतो आणि पाणी फार अल्कधर्मी होते. असा हौद अंडी येण्याआधी काही आठवडे वारंवार भरून रिकामा केलेला असावा. नळाचे पाणी घालायचे असेल तर ते उघड्या बादलीत किमान एक दिवस ठेवावे, म्हणजे त्यातील क्लोरीन उडून जाते. जिथे पाणीपुरवठ्यात क्लोरामीन हे असे सहज न उडणारे जंतुनाशक वापरतात तिथे हा उपाय पुरत नाही, त्यामुळे पागोळ्यांचे पाणी साठवून तेच वापरणे केव्हाही चांगले. एका वेळी चौथ्या हिश्शाहून अधिक पाणी बदलू नये. तळे घासूनपुसून लख्ख करणे हा तर उपाय नव्हेच, कारण दगडांवरचे शेवाळ हेच या पिल्लांचे जेवण असते.

कोकणातील वाडीत आणखी एक गोष्ट तपासावी. सुपारीच्या कोळे रोगावर ऐन पावसाळ्यात बोर्डो मिश्रण फवारले जाते, आणि त्यातील मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार, पावसाच्या पाण्याबरोबर खालच्या तळ्यात उतरते. तांबे बेडूकमाशांना अत्यल्प प्रमाणातही घातक असते; म्हणूनच पाणी 'शुद्ध' करण्यासाठी तांब्याचे भांडे किंवा नाणे तळ्यात टाकू नये. फवारणीच्या दिवशी तळे प्लॅस्टिकने झाकावे आणि फवारलेल्या झाडाखालचे पाणी वळवून द्यावे. तणनाशके आणि युरिया यांनाही हाच नियम.

शहरात प्रश्न डासांचा असतो. पालिकेचे कर्मचारी साठलेल्या पाण्यात अळीनाशक टाकतात किंवा गप्पी मासे सोडतात, आणि त्यांचे ते काम डेंग्यूच्या दिवसांत आवश्यकच आहे. पण गप्पी आणि गॅम्बुशिया हे मासे लहान बेडूकमासे खातात, आणि गॅम्बुशिया तर मोठ्यांच्या शेपट्याही कुरतडतात. शेपूट तुटलेला आणि सतत दगडाआड लपून बसलेला बेडूकमासा पोटभर खात नाही, म्हणजे उरलेल्यांची वाढही रखडते. तळ्यावर मच्छरदाणीचे कापड ताणून बसवावे, ते आल्या-गेल्याला दाखवावे, आणि मासे व बेडूक यांपैकी एकाचीच निवड करावी. दोन्ही एकाच कुंडात नांदतील ही आशा सोडून द्यावी. मच्छरदाणीमुळे चतुरांनाही अंडी घालता येत नाहीत, हा फायदा वेगळाच. चतुराच्या पाण्यातल्या अळ्या बेडूकमाशांच्या मोठ्या शत्रू आहेत.

गर्दी आणि खाणे

रखडलेल्या वाढीचे घरगुती तळ्यातील सर्वात मोठे कारण माझ्या मते गर्दी हेच आहे. भेकाची एक मादी हजारो अंडी घालते. ती नदीकाठच्या डबक्याच्या हिशेबाने असतात, तुमच्या कुंडाच्या नव्हे. गर्दीत खाणे कमी पडते, विष्ठेने पाणी बिघडते, आणि थोडी पिल्ले पुढे निघून जाऊन बाकीची आठवडेच्या आठवडे आहे तेवढीच राहतात. पंधरा लिटरच्या बादलीत पंधरा-वीस पिल्ले एवढा अंदाज धरावा. जास्तीची पिल्ले आपल्याच अंगणात, निम्मे तळ्याचे आणि निम्मे पावसाचे पाणी भरलेल्या दुसऱ्या टबात ठेवावीत. ती ओढ्यात किंवा गावतळ्यात सोडून देणे बरे वाटते, पण कायट्रिड बुरशीसारखे बेडकांचे रोग एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात असेच पोचतात.

तळ्यात हिरवे शेवाळ भरपूर असेल तर वरून काही देण्याची गरज नसते. दगड बोटाला बुळबुळीत न लागता कोरा लागत असेल, तरच खाऊ द्यावा. पालक किंवा काकडीची चकती मऊ उकडून, थंड करून, चिमूटभर टाकावी. पालकात ऑक्झॅलेट बरेच असल्यामुळे रोज पालकच देऊ नये. आठवड्यातून दोनदा माशांच्या खाऊची चूर केलेली चिमूट दिली की प्रथिने मिळतात, आणि पायांच्या वाढीला त्यांची गरज असते. काही तासांत न संपलेले खाणे काढून टाकावे. भात, पोळी, पाव यांपैकी काहीही टाकू नये. त्याने पाणी आंबते.

आता मायक्रोहायलाची गोष्ट. त्यांच्या तोंडाला इतर बेडूकमाशांसारखी कुरतडणारी कठीण चोच नसते. ते पाणी गाळून त्यातले सूक्ष्म शैवाल खातात. त्यांना पालकाचे पान देऊन उपयोग नाही आणि 'पाणी हिरवे झाले' म्हणून ते बदलले तर आपण त्यांचे ताटच ओढून घेतो. पारदर्शक पिल्ले असतील तर हिरवे पाणी तसेच राहू द्यावे.

ऊन

आंब्याच्या दाट सावलीतला खोल हौद पावसाळ्यात थंड राहतो आणि थंड पाण्यात पाय फुटणे लांबते. महाबळेश्वरसारख्या ठिकाणी तर अधिकच. वरची फांदी छाटून सकाळचे दोन-तीन तास ऊन पडेल असे करावे, किंवा हौदात विटा रचून एका बाजूला बोटभर खोलीचा उथळ भाग तयार करावा. पिल्ले आपणहून तिथे उबेला येतात. गच्चीवरच्या काळ्या टबाची अडचण उलट असते: दुपारी त्यात हात बुडवल्यावर पाणी कोमट नव्हे तर गरम लागले, तर त्याला अर्धी सावली द्यावी.

एका वेळी एकच बदल करावा आणि दहा-बारा दिवस थांबून पुन्हा वाडग्यात पाहावे. सगळे उपाय एकदम केले, तर कशाने फरक पडला ते कधीच कळत नाही.

काय करू नये

बेडूकमाशाचे रूपांतर थायरॉइड ग्रंथीच्या संप्रेरकाने घडते. १९१२ मध्ये गुडरनाच या शास्त्रज्ञांनी बेडूकमाशांना थायरॉइड ग्रंथी खाऊ घातली, तेव्हा ते वेळेआधीच बेडूक झाले, पण अगदी खुजे. हे वाचून घरातली थायरॉइडची गोळी किंवा आयोडीनयुक्त मीठ पाण्यात टाकण्याचा मोह होऊ देऊ नये; मिठाने पिल्ले मरतील आणि गोळीने त्यांचे बेडूक झाले तरी ते जगण्याइतके मोठे होणार नाहीत. पाणी आटू लागले की अनेक जातींची पिल्ले घाईने रूपांतर करतात हेही खरे आहे, पण मुद्दाम पाणी कमी करून मिळालेला बेडूक लहान आणि अशक्त असतो.

बाहेर पडण्याची वाट

मागचे पाय पूर्ण झाले की त्याच दिवशी मच्छरदाणीची एक कड उचलून ठेवावी आणि हौदाच्या उभ्या भिंतीला गोणपाट किंवा काथ्याची दोरी पाण्यात बुडेल अशी टांगावी. पुढचे पाय येताच तोंड आणि आतडे बदलू लागते, पिल्लू खाणे बंद करते आणि शेपटीतल्या साठ्यावर जगते, म्हणून या दिवसांत खाऊ टाकू नये. फुप्फुसांनी श्वास घेणाऱ्या या पिल्लांना चढायला जागा नसेल, तर ती गुळगुळीत भिंतीशी झगडत बुडून मरतात. काठाचे गवत महिनाभर कापू नये, कारण नखाएवढे बेडूक तिथल्याच बारीक किड्यांवर जगतात.

ऑक्टोबरच्या उन्हात तळे आटायला लागले आणि काही पिल्लांना अजून पाय नसतील, तर साठवलेल्या पावसाच्या पाण्याने पातळी राखावी आणि त्यांना तिथेच राहू द्यावे. डबक्यातल्या बेडकाची पिल्ले दिवाळीनंतरही निघतात; त्यांच्यासाठी दोरी टांगलेली राहू द्यावी.