शाळेचा वर्धापनदिन वनमहोत्सवात आला तर काय करायचं

आमच्या शाळेचा वर्धापनदिन जुलैच्या पहिल्या आठवड्यात येतो, म्हणजे नेमका वनमहोत्सव (१ ते ७ जुलै, १९५० पासून चालू आहे), आणि १ जुलैला वसंतराव नाईकांची जयंती म्हणून कृषी दिन पण असतोच, त्यामुळे गाव आयतंच जमतं. तर मग दोन वेगळे कार्यक्रम कशाला, एकच करा.

खड्डे मात्र मे महिन्यातच घ्या, दोन बाय दोन बाय दोन फूट, उन्हात तापू द्या, पाऊस पडायच्या आधी माती-शेणखत भरून ठेवा. रोपं सामाजिक वनीकरणाच्या नर्सरीत आधी सांगून ठेवायची, ऐनवेळी गेलात तर बोटभर काड्या मिळतात. कडुनिंब, करंज, जांभूळ घ्या, गुलमोहर फोटोत छान दिसतो पण वाऱ्यात फांद्या मोडतात, शाळेच्या आवारात नकोच.

लावताना प्लास्टिकची पिशवी ब्लेडने उभी कापून काढा, मातीचा गोळा फुटू देऊ नका. हसू नका, आमच्याकडे एका वर्षी पाहुण्यांच्या घाईत सात-आठ रोपं पिशवीसकट लावली, दिवाळीनंतर उपटून बघितलं तर मुळं आत गोल गोल गुंडाळलेली.

भाषणं झाडं लावून झाल्यावर, तीही दोनच. माजी विद्यार्थ्यांकडून हारतुरे नको, काटेरी कुंपणाचे पैसे घ्या, कारण शेळ्या सुट्टी बघत नाहीत. आणि मे महिन्यात पाणी कोण घालणार त्याची नावं त्याच दिवशी फळ्यावर लिहा.