केबिन बॅगही फुकट चेक-इन होते, फक्त विचारा

लोहगावहून सकाळचं दिल्ली किंवा बेंगळुरूचं विमान भरलेलं असलं की वरच्या कप्प्यांत जागा पुरत नाही. अशा वेळी गेटवरचे कर्मचारीच विचारतात, "कुणाला बॅग खाली द्यायची आहे का?" लगेच हो म्हणा. याचे सहसा पैसे पडत नाहीत. नाही विचारलं, तर आपणच नम्रपणे विचारावं. फार तर नाही म्हणतील.

काउंटरवरही विचारता येतं. देशांतर्गत तिकिटात बहुधा १५ किलो चेक-इन आणि ७ किलो केबिन सामान धरलेलं असतं. पण काही कंपन्या १५ किलोंत एकच बॅग चालवतात, म्हणून तिकिटावरची अट आधी वाचा.

आता खरं महत्त्वाचं. बॅग हातातून सोडण्याआधी पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या बाहेर काढा. आगीच्या धोक्यामुळे त्या खालच्या सामानात चालतच नाहीत. औषधं, दागिने, लॅपटॉप, घराच्या किल्ल्या, कागदपत्रंही जवळच हवीत. गेटवर घाईत हे सगळं उपसणं फार जिवावर येतं, शिवाय मागे रांग खोळंबते. म्हणून मी घरूनच या वस्तू एका कापडी पिशवीत भरून बॅगेत सगळ्यात वर ठेवते. पिशवी उचलली की काम झालं. आईबाबांच्या बॅगेतही मी हेच करते, त्यांच्या गोळ्या तर आधी.

पुढे विमान बदलायचं असेल, तर टॅगवर शेवटचं ठिकाण आहे ना, ते तिथेच बघा. टॅगची पावती जपून ठेवा.