पेरणीपासून चुकाऱ्यापर्यंत, स्वतःवर नाही तर देवावर भरवसा कसा ठेवायचा

मंडळीत, म्हणजे आपल्या चर्चमध्ये, कोणालाही विचारा, देवावर भरवसा आहे का, तर हात वर करून हो म्हणते. पण जून लागला, दोन पाणी पडले अन् शेजाऱ्याच्या वावरात पेरणी सुरू झाली की तोच माणूस कृषी केंद्रात उधारीवर बियाण्याच्या बॅगा उचलून राहिला असते, अन् प्रार्थना? ती बॅगा घरी आल्यावर, "प्रभू, याच्यावर आशीर्वाद दे." म्हणजे ठरवलं आपण अन् देवानं फक्त अंगठा लावायचा. मला वाटते भरवसा कोणावर आहे ते इथंच समजते, ज्याला आधी विचारलं त्याच्यावर.

म्हणून पहिली सवय हीच लावायची, ठरवायच्या आधी विचारायचं. बायबलात यहोशवाच्या पुस्तकाच्या ९ व्या अध्यायात गिबोन गावचे लोक इस्राएली लोकांकडं येतात, वाळलेली बुरशी आलेली भाकर, ठिगळं लावलेले जोडे, फाटके बुधले दाखवून म्हणतात आम्ही लय दुरून आलो, अन् इस्राएली लोक ते सामान पाहतात पण परमेश्वराला विचारत नाहीत, करार करून मोकळे. तीन दिवसांनी समजते की हे तर बाजूचेच. आता पाहा, त्यांची अक्कल काही कमी नव्हती, पुरावा तर डोळ्यासमोर होता. हुशार माणूसच असा फसते.

विचारायचं कसं, तर साधं आहे. कर्ज उचलायचं असो, बोअर मारायचा असो की पोरीचं लग्न जमवायचं असो, आदल्या रात्री घरचे सगळे बसा अन् गोष्ट नाव घेऊन देवापुढं ठेवा, "प्रभू, एवढे पैसे उचलू का नको, परत कुठून करायचे ते मले दिसत नाही." एक रात्र जाऊ द्या. आभाळातून आवाज येईल असं काही नाही, बहुतेक वेळा एवढंच होते की आपली हाव किंवा आपली भीती आपल्यालाच दिसायला लागते, अन् तेही कमी नाही. मग मंडळीतल्या अशा एकाला विचारा ज्याला तुमच्या निर्णयातून काही मिळणार नाही. कोणी म्हणाला की देवानं मला सांगितलं तू एवढी रक्कम दे, तर राम राम ठोकून घरी या. अन् घाईचं काम असलं, बँकेत साहेबापुढं बसले आहात, तर बायबलातला नहेम्या, राजाचा चाकर, त्याच्या राजासमोर उभा होता तसं करा, राजानं विचारलं काय पाहिजे, त्यानं मनातल्या मनात देवाची प्रार्थना केली अन् मग उत्तर दिलं (नहेम्या २:४).

दुसरं, हातपाय हलवणं सोडायचं नाही. भरवसा म्हणजे बाजेवर पडून राहणं नव्हे. तोच नहेम्या यरुशलेमची भिंत बांधताना प्रार्थना पण करते अन् रात्रंदिवस पहारा पण ठेवते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीची विषबाधा होऊन माणसं गेली हे आपण पाहिलं आहे, तर प्रार्थना करून मास्क न लावता पंप पाठीवर घेणं याला विश्वास म्हणू नका. दवाखान्याचंही तेच. बायबलातला आसा राजा दुखण्यात देवाला न विचारता फक्त वैद्यांकडं गेला, त्याचं उदाहरण देऊन लोकं गोळ्या बंद करायला लावतात, पण आसाची चूक वैद्याकडं जाण्यात नव्हती, देवाला बाजूला सारण्यात होती. प्रेषित पौलाच्या सोबतीचा लूक स्वतः वैद्य होता.

आता खरी परीक्षा, वेचणीतला रविवार. कापूस फुटला आहे, आभाळ भरून आलं आहे, बाया मिळत नाहीत अन् मिळाल्या तर नेमक्या रविवारी. मी काही नियम सांगत नाही, प्रभू येशूनं स्वतः म्हटलं की शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, माणसासाठी आहे. पण मान्न्याची, म्हणजे रानात इस्राएली लोकांना देवानं रोज दिलेल्या अन्नाची, गोष्ट वाचा, निर्गम १६. रोजच्यापुरतं गोळा करा म्हटलं तर काहींनी उरवून ठेवलं अन् त्यात किडे पडले, अन् सातवा दिवस विसाव्याचा म्हणून सहाव्या दिवशी दुप्पट घ्या म्हटलं तर ते दुसऱ्या दिवशी चांगलंच राहिलं. देव त्यांना हेच शिकवून राहिला होता की उद्याचं पोट तुमच्या हातात नाही. तर निदान उपासनेचे दोन तास वावर सोडून पाहा अन् तेव्हा मन किती तडफडते ते बघा, आपण आतून कशाला धरून बसलो ते तिथंच कळते. फक्त एक, बाया आल्या असतील तर त्यांना परत पाठवू नका, त्यांचा दिवस पाडू नका. विश्वास आपला, अन् मजुरी त्यांची बुडायची, हे बरोबर नाही.

याच्या पुढचं जरा कठीण आहे. भरवसा ठेवला म्हणून पीक येईलच असं बायबल कुठं म्हणत नाही. हबक्कूक संदेष्टा तर उलटंच म्हणते, शेतात अन्न नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. अन् पौलासारखा माणूस करिंथकरांना लिहिते की आशिया प्रांतात आमच्यावर इतका भार आला की जगायचीही आशा सुटली, ते याच्यासाठी की आम्ही स्वतःवर नाही तर मेलेल्यांना उठवणाऱ्या देवावर भिस्त ठेवावी. बोंडअळी आली, भाव पडला, अन् "सगळं माझ्यावरच आहे, मीच कमी पडलो" असं डोक्यात फिरायला लागलं तर ते एकट्यानं वाहू नका. एलीया संदेष्टा झाडाखाली बसून मरण मागत होता, तेव्हा देवानं त्याला रागावलं नाही, झोपू दिलं, भाकर अन् पाणी दिलं, तेही दोनदा. त्याच दिवशी घरच्यांना सांगा, पाळकाला बोलवा, १४४१६ वर टेली मानसला, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या मदत क्रमांकावर, फोन लावा, तो सरकारी अन् फुकट आहे.

अन् पीक चांगलं आलं तर? तेव्हाच जास्त जपायचं, काहून की बायबलातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या ८ व्या अध्यायात इशाराच आहे, पोट भरलं, घरं बांधली, गुरं वाढली की माणूस म्हणते हे माझ्या हाताच्या बळानं झालं. म्हणून कापसाचा चुकारा, म्हणजे विकलेल्या मालाचे पैसे, हातात आला की घरी बसून देवाचे आभार माना, कुठं कुठं त्यानं सांभाळलं ते पोरांसमोर नाव घेऊन सांगा. मग आधी राहिलेली मजुरी चुकती करा, नव्या करारातल्या याकोबाच्या पत्रात लिहिलं आहे की कापणी करणाऱ्यांची अडकवलेली मजुरी ओरडते अन् ती ओरड देवाच्या कानावर जाते. त्याच्यानंतर दान, मग सोसायटीचं कर्ज, अन् नवा मोबाईल उरले तर.