नागपुरात घरी मिरची लावताय? आधी महिना पाहा, मग कुंडी

दरवर्षी फेब्रुवारी-मार्च आला की लोकांना बागकामाची हुक्की येते, नर्सरीतून मिरचीची दोन मस्त फुलावर आलेली रोपं आणतात, गच्चीवर ठेवतात, आणि एप्रिल संपेपर्यंत दोन्ही झाडं वाळून जातात. मग ऐकायला मिळते की "आमच्या हाताला झाडंच लागत नाही बाप्पा". हाताचा काही संबंध नाही हो. झाड चुकीच्या महिन्यात आलं एवढंच. मी नवीन लोकांना पहिल्यांदा हेच सांगतो की खत, औषध, महागडी कुंडी हे सगळं नंतर, नागपूरसारख्या गावात मिरची हंगामावर होते.

आता काहून ते बघा. मिरचीला दिवसा 25 ते 30 डिग्री आवडते. 35 च्या वर गेलं की फुलं गळायला लागतात, रात्रीसुद्धा गरमच राहिली तर अजूनच गळतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास, आणि स्लॅब तर रात्री दहापर्यंत तापलेला असतो. जून-जुलैत लावायची म्हटलं तर शेतात ठीक आहे, शेतकरी तसंच करतात, पण कुंडीतलं कोवळं रोप आठवडाभराच्या झडीत सडून जाते. म्हणून पहिल्यांदा लावणाऱ्याने पोळा, तान्हा पोळा होऊ द्यावा, मारबत निघून गेली की बी टाकावं. म्हणजे ऑगस्टचा शेवट ते सप्टेंबरचा मध्य. रोप तयार होईपर्यंत पावसाचा जोर ओसरलेला असतो, ऑक्टोबरचं ऊन भरपूर मिळते, आणि दिवाळीनंतर झाडाला फुलं लागतात. डिसेंबर-जानेवारीत रात्री 10 च्या खाली जाते तेव्हा झाड थोडं मंदावते, नवीन फुलं कमी येतात, ते तसंच असते, त्यात खत ओतायची गरज नाही. फेब्रुवारीत परत जोर धरते.

बी कोणतं घ्यायचं? पहिल्या खेपेला साधी ज्वाला किंवा लवंगी घ्या. दोन्ही लवकर उगवतात आणि कुंडीत चांगल्या होतात. आपल्या जिल्ह्यातली भिवापुरी मिरची, जिला जीआय टॅग (म्हणजे त्या भागाची खास म्हणून सरकारी ओळख) मिळालेला आहे, तिचं खात्रीचं बी कुठे भेटलं तर नक्की लावा, लाल करून वाळवायला ती फार सुंदर. इंटरनेटवर बघून भूत जोलोकिया मागवू नका लगेच. 2007 मध्ये गिनीज बुकने तिला जगातली सगळ्यात तिखट मिरची म्हटलं हे खरं आहे, पण तिचं बी उगवायलाच तीन-चार आठवडे घेते, नवीन माणसाचा धीर सुटतो. डब्यातल्या लाल मिरचीचं बी चालते का, हा प्रश्न सगळेच विचारतात. चालते, मिरची फार जुनी नसेल तर. फक्त ती मिरची हायब्रिड झाडाची असेल तर येणारं झाड आईसारखंच येईल याची खात्री नाही. भाजलेल्या मिरचीचं उगवत नाही. जास्त भरवसा हवा तर कृषी केंद्रातून छोटं पाकीट घ्या आणि त्यावरची तारीख वाचा, दोन-तीन वर्षं जुनं बी कमी उगवते.

बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवा. एखादा पसरट ट्रे किंवा कागदी कप घ्या, खाली भोकं पाडा, अर्धं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) अर्धं गांडूळखत भरा, आणि बी अर्धा ते एक सेंटिमीटर खोल टाका, त्याहून खोल नको. वरून पाणी ओतायचं नाही, स्प्रेने भिजवायचं. सावलीत पण उजेडात ठेवा. सप्टेंबरच्या उबेत सात ते चौदा दिवसांत कोंब दिसतो. कोंब दिसला की लगेच सकाळच्या उन्हात आणा, नाहीतर रोप उजेडाकडे ताणून लांब-लांब, बारीक होते आणि पुढे कधीच मजबूत होत नाही. आणि या वयात रोपं अचानक जमिनीलगत बारीक होऊन आडवी पडतात, त्याला रोपमर म्हणतात, बुरशीने होते, आणि ती बुरशी वाढते जास्त पाण्याने. माती वरून सुकल्याशिवाय पाणी देऊ नका. कृषी केंद्रात ट्रायकोडर्मा पावडर मिळते, ही रोगाच्या बुरशीला दाबणारी चांगली बुरशी, चमचाभर मातीत आधीच मिसळली तर बरंच वाचते.

मातीबद्दल थोडं नीट बोलू, कारण आपली काळी माती शेतात सोनं आहे पण कुंडीत त्रास देते. ओली झाली की चिकट गोळा, सुकली की कडेने भेग पडते आणि दिलेलं पाणी त्या भेगेतून सरळ खाली निघून जाते, मुळं कोरडीच. म्हणून एक भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत नाहीतर गांडूळखत, आणि एक भाग कोकोपीट किंवा धुतलेली जाड रेती. एका कुंडीला दोन मुठी नीम ढेप. शेणखत पूर्ण कुजलेलं पाहिजे, हातात घेतलं तर मातीसारखा वास यायला हवा, शेणाचा वास येत असेल तर अजून थांबा. टमाटर किंवा वांग्याच्या जुन्या कुंडीतली माती मिरचीला वापरू नका, हे सगळं एकाच घराण्यातलं आहे, एकाचे रोग दुसऱ्याला लागतात.

कुंडी बारा इंचाची, किंवा त्याच मापाची ग्रो बॅग. एका कुंडीत एकच झाड. मोह होतो तीन लावायचा, पण मग तिन्ही अर्धपोटी राहतात. रोप पाच-सहा आठवड्यांचं झालं, चार-सहा खरी पानं आली की संध्याकाळी हलवा, मुळाभोवतीची माती न फोडता, आणि पहिले दोन-तीन दिवस थोडं सावलीत ठेवा. रोप वीतभर झालं की वरचा शेंडा नखाने खुडून टाका. जीवावर येते हे करताना, मला माहिती आहे, पण त्यानेच बाजूने फांद्या फुटतात, आणि जितक्या फांद्या तितकी फुलं. रोप लहान असतानाच पहिल्या दोन-चार कळ्या आल्या तर त्याही काढाव्यात असं माझं मत आहे. झाडाला आधी अंग धरू द्या.

ऊन रोज पाच-सहा तास तरी पाहिजे. फ्लॅटमध्ये राहत असाल आणि बाल्कनी उत्तरेची असेल तर खरं सांगतो, मिरचीच्या मागे लागू नका, पुदिना लावा.

आता पाणी. मिरचीची झाडं तहानेपेक्षा जास्त पाण्याने मरतात, हे लिहून ठेवा. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला, कोरडं लागलं तर पाणी, ओलं लागलं तर उद्या. पाणी द्यायचं तर सकाळी, खालच्या भोकातून निघेपर्यंत द्यायचं, आणि खाली ताटली ठेवून त्यात पाणी साचवायचं नाही. दुपारी पानं थोडी मलूल दिसली म्हणून घाबरून पाणी ओतू नका, संध्याकाळी आपोआप उभी होतात. संध्याकाळीही पडलेलीच असतील तर मग बघा, माती ओली असून झाड पडलं असेल तर मुळं सडली आहेत.

आणि एक आपल्याकडची खास गोष्ट. कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी झाडांना टाकायची सवय बऱ्याच घरात असते, वाया कशाला घालवायचं म्हणून. पाणी वाचवायचा विचार चांगलाच आहे. पण कूलरमध्ये पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात, टाकीच्या कडेला आणि जाळीवर पांढरा थर दिसतो ना, तोच. रोज-रोज वरून पाणी भरलं की ते क्षार वाढत जातात, आणि मिरचीला खारं पाणी अजिबात सोसत नाही, पानाच्या कडा जळायला लागतात. आरओच्या वाया जाणाऱ्या पाण्याचंही तेच. हे पाणी अंगण धुवायला वापरा, मिरचीला डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी द्या.

खताचं थोडक्यात सांगतो. महिन्यातून दोनदा मूठभर गांडूळखत, बस. झाड हिरवंगार, मोठमोठी पानं, पण फुलच नाही असं झालं तर समजायचं की नत्र (नायट्रोजन) जास्त झालं, युरिया किंवा शेणाची स्लरी देत असाल तर बंद करा. फुलं लागायच्या वेळी चिमूटभर लाकडाची राख मातीवर भुरभुरा, पोटॅश मिळते. फुलं येतात पण मिरची धरत नाही असं वाटलं तर सकाळी फांदीला हलकी टिचकी मारा. मिरचीचं फूल स्वतःच स्वतःचं काम करते, त्याला फक्त थोडं हलायला पाहिजे, आणि बंद बाल्कनीत वारा नसतो.

आता सगळ्यात मोठं दुखणं, बोकड्या. पानं आकसतात, वळतात, झाड खुरटते. लोक लगेच एकच औषध सगळ्यांना मारतात, आणि तिथेच चुकते, कारण पानं वळायची कारणं वेगवेगळी आहेत. पान वरच्या बाजूला वळून होडीसारखं झालं असेल तर फुलकिडे. झाडाखाली पांढरा कागद धरून शेंडा झटका, बारीक पिवळट धाग्यासारखे जीव पळताना दिसतील. पान खालच्या बाजूला वळलं, देठ लांबट झालं, तर कोळी नावाची बारीक कीड. तो डोळ्याला दिसत नाही जवळजवळ, मोबाईलचा कॅमेरा पूर्ण झूम करून पानाच्या मागे धरला तर कधी सापडतो. आणि पानं बारीक, पिवळट, सुरकुतलेली, सगळा शेंडा गुच्छासारखा झाला असेल तर तो व्हायरस, आणि तो पांढरी माशी आणते.

फुलकिडे आणि पांढरी माशी यांना कडुलिंबाचं तेल. एक लिटर कोमट पाण्यात आधी थोडं लिक्विड सोप, मग 5 मिली तेल, चांगलं हलवा, संध्याकाळी फवारा, आणि पानाच्या मागून फवारा, कारण सगळे तिथेच बसतात. दर सात दिवसांनी, तीन-चार वेळा. एकदा मारून सोडून दिलं तर अंड्यातून नवीन पिढी निघते आणि परत पहिल्यापासून. सोबत पिवळे चिकट कार्ड पांढऱ्या माशीला आणि निळे फुलकिड्यांना लावा, स्वस्त असतात. कोळी असेल तर पानाच्या मागे पाण्याचा जोराचा फवारा रोज चार-पाच दिवस, त्याने नाही झालं तर पाण्यात विरघळणारं गंधक, लिटरला 2 ते 3 ग्रॅम, पण कडक उन्हाच्या दिवसांत नाही आणि नीम तेल मारल्यावर दोन आठवडे नाही, दोन्ही जवळजवळ मारले तर पानं भाजतात. व्हायरसवर औषध नाही. झाड उपटा, पिशवीत बांधा, कचऱ्यात टाका. एक झाड वाचवायच्या नादात बाकीची जातात. आणि कृपा करून शेतावरची कडक औषधं गच्चीवरच्या मिरचीला मारू नका, उद्या ती मिरची तुमचं पोरगंच खाणार आहे.

अजून एक व्हायरस आहे ज्याबद्दल आपल्या गावात बोलायलाच पाहिजे. तंबाखूचा मोझॅक व्हायरस, तंबाखू आणि मिरची एकाच घराण्यातले, आणि हा व्हायरस हाताने पसरतो. वाळलेल्या तंबाखूतही तो टिकून राहतो. म्हणजे खर्रा (तंबाखू-सुपारी-चुन्याचं मिश्रण) घोटला आणि त्याच हाताने शेंडा खुडला तर झाडाला लागू शकतो, पानावर फिकट-गडद हिरवे चट्टे येतात. बागेत हात लावण्याआधी साबणाने हात धुवा. (खर्रा सोडला तर झाडांचंही भलं आणि घरच्यांचंही, हे मनापासून सांगतो.)

तोडणी सुरू झाली की हात आखडता घेऊ नका. हिरवी मिरची पूर्ण लांबीची, टणक, चकचकीत झाली की देठासकट कात्रीने कापा, ओढू नका, फांदी फाटते. जितकी तोडाल तितकी नवीन फुलं येतात, झाडावर लाल करत ठेवली तर झाडाला वाटते काम झालं. लाल पाहिजेच असेल तर त्यासाठी एक झाड वेगळं ठेवा. तिखटपणा बियांमध्ये नसतो, आतल्या पांढऱ्या शिरेत असतो, बी फक्त तिला चिकटून असते म्हणून तिखट लागते. तोडणीआधी दोन दिवस पाणी थोडं कमी केलं तर मिरची जास्त झणझणीत होते. ठेचा करताना हात भणभणले तर नुसत्या पाण्याने जात नाही, आधी खायचं तेल चोळा, मग साबण. पोपट मात्र आरामात खातात, पक्ष्यांना तिखट लागतच नाही, म्हणून लाल मिरच्यांवर जाळी टाका.

मार्च संपत आला की झाड फेकू नका. मिरचीचं झाड नीट सांभाळलं तर दोन-तीन वर्षं चालते. उरलेल्या मिरच्या तोडून ताकात भिजवून वाळवायला घाला, ऊन तर फुकटच आहे. झाड एक तृतीयांश छाटा, कुंडी तापलेल्या स्लॅबवरून उचलून विटांवर ठेवा, पूर्वेच्या भिंतीच्या आडोशाला, वर 50 टक्के सावली देणारी हिरवी नेट, मातीवर पालापाचोळ्याचा चार बोटं थर. एप्रिल-मेमध्ये सकाळी आणि गरज पडली तर संध्याकाळी पाणी, खत अजिबात नाही, फुलं गळाली तर गळू द्या. पाऊस स्थिरावला की नेट काढा, वरची दोन इंच माती बदला, आणि झडीच्या दिवसांत कुंडी छज्जाखाली सरकवा.